मागचं गेट

"काका, डिलिव्हरी असेल तर मागचं गेट."

लोअर परळच्या टॉवरखाली वॉचमनने आज बाबांना अडवलं. हातात पिशवी, त्यात आईने भाचीसाठी दिलेल्या पुरणपोळ्या. मला राग आला. बाबा मात्र जुन्या कापड गिरणीच्या उरलेल्या चिमणीकडे बघत म्हणाले, "मागचंच गेट आमचं. साचेखातं तिकडेच होतं."

१९८२च्या संपापर्यंत ते इथे दोन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे.

मग वहीत नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर, वर फोटोसुद्धा! 'कामाचं स्वरूप' या रकान्यात बाबांनी सावकाश लिहिलं : जुना कामगार.

लिफ्टमध्ये ते मोठ्याने बोलू लागले, तशी शेजारची बाई दचकली. साच्यांच्या खडखडाटातली सवय ती, अजून गेलेली नाही.

ते पान आता त्या वहीत किती दिवस राहील?