आपत्तीसाठी थेरपी डॉगचं पथक: आधी हँडलर निवडा

आपत्तीग्रस्तांसाठी थेरपी डॉगचं, म्हणजे माणसांना धीर देणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांचं, पथक उभं करायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष कुत्र्यांकडे जातं. आधी पारखायचा तो हँडलर, म्हणजे कुत्र्याला सांभाळणारा माणूस. ढिगाऱ्याखालची माणसं शोधणाऱ्या कुत्र्यांचं काम वेगळं. आपली हँडलर-कुत्र्याची जोडी जाते निवाऱ्यात, बातमीची वाट बघत बसलेल्या नातेवाइकांपाशी, दमून परतलेल्या बचाव कर्मचाऱ्यांकडे.

रुग्णालयात किंवा शाळेत निदान वर्षभर नियमित भेटी दिलेली जोडी घ्यावी. कुत्रा दीड-दोन वर्षांच्या पुढचा हवा. मात्र रुग्णालयात शांत असणारा कुत्रा निवाऱ्यातही शांत राहील, असं धरून चालू नका. इथे जनरेटरची घरघर, डिझेलचा वास, धावणारी मुलं आणि मध्येच कुणीतरी त्याच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागतं. अशी मिठी बऱ्याच कुत्र्यांना सोसत नाही. म्हणून सराव टप्प्याटप्प्याने करायचा. ओळखीच्या माणसाने बाजूने खांद्यावर हात ठेवायचा, ३ सेकंदांनी काढायचा, लगेच खाऊ. मग वेळ वाढवायची, मग अनोळखी माणूस, मग रडण्याचा आवाज. कुत्रा मान फिरवू लागला की एक पायरी मागे. हेल्मेट-मास्क घातलेली माणसं, स्ट्रेचर, लांबचा गाडीप्रवास, परक्या खोलीत क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) झोपणं, हेही याच पद्धतीने.

चाचणीत परीक्षकाची नजर हँडलरवर असावी. कुत्र्यावरच्या ताणाच्या खुणा, म्हणजे विनाकारण जांभई, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, उकाडा नसताना धापा, फरशीवर उमटणारे ओले पंजे: यातलं हँडलरला काय दिसलं, आणि दिसल्यावर तो कुत्र्याला घेऊन बाजूला झाला का? समोर रडणारी माणसं थांबलेली असताना 'आता याला विश्रांती हवी' म्हणणं फार जड जातं. ज्याला ते जमत नाही त्याला पाठवू नये, कुत्रा कितीही गुणी असो. या खुणा सुटत गेल्या की गोष्ट गुरगुरण्यावर आणि चावण्यावर जाते.

हँडलरला मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्याच. 'नेमकं काय झालं?' असं खोदून विचारायचं नाही, 'सगळं ठीक होईल' असा शब्दही द्यायचा नाही. लांबूनच विचारायचं, 'याला जवळ आणू का?' भीती, ॲलर्जी, श्रद्धा, नकाराचं कारण काहीही असो, ते न विचारता पुढे जायचं. होकार मिळाला तर पट्टा सैल सोडून शेजारी बसावं. माणूस बोलतो तो बहुतेकदा कुत्र्याकडे बघत. तेव्हा मध्ये तोंड घालू नये.

एक फेरी तासाभराची, मग गर्दीपासून दूर पाणी आणि झोप. ३-४ जोड्यांमागे कुत्रा न घेतलेला एक समन्वयक लागतोच. घड्याळ आणि गर्दी तो सांभाळतो. पट्टा ४ ते ६ फुटांचा, आपोआप लांबणारा किंवा गळा आवळणारा नको. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसींचे दाखले, ३ दिवसांचं नेहमीचं खाणं, हात धुण्याचं द्रव सोबत ठेवा. कच्च्या मांसावर वाढवलेला कुत्रा नको, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो.

आणि बोलावल्याशिवाय निघू नका. यंत्रणेशी बोलणी, विमा, ओळखपत्रं हे आपत्तीच्या आधीच उरकलेलं असावं. परतल्यावर कुत्र्याला दोन-तीन दिवस पूर्ण सुट्टी द्या. कामाचं जॅकेट घालायला पुढे केल्यावर तो मागे सरकला, तर पुढच्या बोलावण्याला दुसरी जोडी पाठवा.