चांदणी चौकात दोन सेकंदांचा नकाशा

गाडीतल्या नव्या नेव्हिगेशन स्क्रीनचं ऑफिसात सगळ्यांनीच कौतुक केलं होतं. गडद निळा नकाशा, चमकती जांभळी मार्गरेषा, त्रिमितीय इमारती, नाजूक अक्षरं. सकाळी पुण्यात पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे टेस्ट ड्राइव्हला निघालो, तर मागच्या काचेतून आलेलं ऊन थेट स्क्रीनवर. त्या गडद पृष्ठभागावर चालकाचा पांढरा शर्ट स्वच्छ दिसत होता, मार्ग मात्र शोधावा लागत होता. म्हणून दिवसा फिकट नकाशाच हवा, शोरूममध्ये तो कितीही साधा वाटो.

खरी कसोटी चौकात लागली. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या इथल्या उड्डाणपुलाच्या रचनेत मुंबई, सातारा, मुळशीकडचे रॅम्प आणि सर्व्हिस रोड एकमेकांना खेटून जातात. तिरप्या त्रिमितीय दृश्यात पुढचा रॅम्प मागच्याला झाकतो, आणि नेमका फाटाच दिसेनासा होतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्क्रीनवर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर खिळू नये. ताशी ४० किलोमीटरला तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे जाते. फाटा चुकायला एवढं पुरतं.

त्यामुळे फाटा जवळ आला की इमारती गायब, नकाशा सपाट, बाकीचे रॅम्प फिके, आपली रेषा जाड आणि लेनचा बाण मोठा, असं ठरलं. सौंदर्य खुशाल दाखवावं, पण मार्ग निवडताना, गाडी उभी असताना.

अक्षरांवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. डोळ्यापासून स्क्रीन ७० सेंटिमीटरवर असेल तर अक्षर साधारण ४ मिलिमीटर उंच लागतं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजावी. वेलांटी-उकार धरून मोजली, तर मूळ अक्षर बारीकच राहतं. ‘मुळशी’खाली ‘पिरंगुट’ आलं, तेव्हा मु-चा उकार थेट पि-च्या वेलांटीत घुसला. ओळींमधलं अंतर वाढवलं, फॉन्ट एक पायरी जाड घेतला, अनुस्वारही ठळक झाला.

पुलाखाली आणखी एक गोष्ट दिसली. क्षणभर सावली आली की प्रकाश सेन्सर रात्रीची थीम लावायचा, बाहेर पडताच पुन्हा दिवसाची. डोळ्यांपुढे नुसती उघडझाप. आता अंधार काही सेकंद टिकला तरच थीम बदलते, आणि बदलतानाही हळूहळू.