आमच्याकडे असं नसतं

६ नोव्हेंबर, रात्री

साडेपाचलाच अंधार पडला. रविवारी घड्याळं तासभर मागे गेल्यापासून इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात, दुपार संपली की थेट रात्रच. आईशी बोलायची वेळही सरकलीय, आता साडेदहा तासांचं अंतर. मी साडेसातला कुकर लावते तेव्हा तिकडे सकाळचे सहा, ती गॅलरीत दूधवाल्याची वाट बघत उभी. आज फोन केला नाही. नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखते ती, आणि मग ‘काय झालं, काय झालं’ सुरू.

झालेलं काहीच नाहीये. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाचताना माझं मलाच हसू येईल. चार सेकंदांचं प्रकरण आहे.

ती इंटरकल्चरल कम्युनिकेशनची असाइनमेंट. वर्गातल्या कोणाची तरी पाऊण तास मुलाखत घ्यायची, रोजचं जगणं, बालपण, घरातले रीतिरिवाज वगैरे, आणि मग रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवायचं. जसंच्या तसं म्हणजे अं, हं, हसणं, एकाचं बोलणं दुसऱ्याने तोडणं, सगळं. गप्प बसणंसुद्धा, किती सेकंद ते कंसात. गप्प बसण्यालाही मार्क आहेत म्हटल्यावर रूममेट म्हणाली, मग तू गेलीस कामातून.

मी वर्गातल्या त्या टोपीवाल्या अमेरिकन मुलीला धरलं. तिनेही आढेवेढे न घेता हो म्हटलं. स्टुडंट युनियनच्या खालच्या मजल्यावर, कॉफी मशीनच्या शेजारी बसलो (चूक माझी, त्या मशीनच्या फुसफुशीने अर्धी टेप खाल्लीय). मला वाटत होतं मुलाखत झकास झाली. परत येताना मी अक्षरशः उड्या मारत आले. रूममेटला म्हटलं, काय मोकळं बोलली गं, आणि मीही छान बोलले.

मीही छान बोलले. हो ना. काल रात्रीपासून टेप ऐकतेय आणि त्यात माझंच बोलणं आहे.

‘इन इंडिया’ हे दोन शब्द मी पंचेचाळीस मिनिटांत सतरा वेळा म्हटलेत. चार उभ्या रेघा, एक आडवी, असं मोजलं. मुलाखत तिची, आणि दर तीन मिनिटांना एकदा मी आपली भारतात.

आणि ती किती छान सांगत होती. दहा वर्षांची असताना डुक्कर वाढवलंन्. फोर-एच म्हणून मुलांची संघटना असते, चार पानांचं हिरवं क्लोव्हर हे तिचं चिन्ह. ती याच राज्यात सुरू झाली, १९०२ साली, क्लार्क काउंटीत, हे सांगताना तिच्या आवाजात आपण ‘आमच्या साताऱ्याची गादी’ म्हणताना येतो तसला ताठा. वसंतात पिल्लू आणायचं, रोज त्याचं खाणंपाणी, वजन, खर्च वहीत लिहायचा, उन्हाळ्यात काउंटी फेअरला न्यायचं आणि लिलावात विकायचं. तिचं अडीचशे पौंडांच्या वर भरलं होतं. गावातल्या बँकेने बाजारभावापेक्षा जास्त बोली लावून घेतलं, गावातल्या पोरांसाठी तसं करतात म्हणे. ती गोठ्यामागे जाऊन रडली आणि मग चेक घेऊन आईबरोबर बँकेत गेली. कॉलेजच्या खात्यात. दहा वर्षांची! इथे मी काय विचारायला हवं होतं? पिल्लाचं नाव काय ठेवलं होतंस, एवढं तरी. मी म्हटलं, “इन इंडिया, मुलांना पैशाचं काही करायला लावत नाहीत.” आमच्या गल्लीतला भाजीवाल्याचा मुलगा सातवीत असल्यापासून हिशोब करायचा, तो बहुधा माझ्या इंडियात मोडत नसावा.

रोज सकाळी वर्गात उभं राहून, छातीवर हात ठेवून ते प्लेज म्हणायचे, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याशी निष्ठेची शपथ. सुप्रीम कोर्टाने १९४३ मध्येच सांगितलंय की कुठल्या मुलावर सक्ती करता येणार नाही, तरी तिच्या शाळेत कोणी खाली बसून राहिलेलं तिला आठवत नाही. त्यातले ‘अंडर गॉड’ हे शब्द १९५४ मध्ये मागाहून घातलेत, हे तिला कॉलेजात कळलं. यावर मी आपल्या प्रतिज्ञेबद्दल दोन मिनिटं बोललेय. आणि गंमत अशी की दहा वर्षं घसा फोडून म्हटलेली ‘भारत माझा देश आहे’ मुळात तेलुगूत लिहिलेली आहे, १९६२ मध्ये, पैडिमर्री वेंकट सुब्बारावांनी, हे मला काल रात्री टेप कानावर पडली तेव्हा रूममेटने सुनावलं. ती विशाखापट्टणमची. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आजीच्या हातचा खास पदार्थ कोणता, तर ग्रीन बीन कॅसरोल. म्हणजे फरसबीत डब्यातलं मश्रूम सूप ओतायचं, वर तळलेला कांदा, आणि ओव्हनमध्ये. ही कृती कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात १९५५ मध्ये डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी बसवलेली. तिने स्वतःच हसत सांगितलं, आमचा खानदानी पदार्थ डब्याच्या कागदावर छापलेला असतो. मीही हसले आणि म्हटलं, आमच्याकडे पदार्थ आईकडून मुलीकडे येतो. आमटी मी यूट्यूबवर शिकले. इथे आल्यावर. सप्टेंबरात.

पण हे सगळं चालून गेलं असतं. बोलघेवडेपणा आहे, शाळेपासून आहे, मामींनी लग्नात काय ऐकवलं होतं ते... तो विषय आज नको.

एकतिसावं मिनिट.

ती सांगतेय की ओहायोत साडेपंधराव्या वर्षी गाडी शिकायचं परमिट मिळतं, सोळाव्या वर्षी लायसन्स, आणि अठराव्या वर्षी आपण निघायचं हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, ते ठरलेलंच असतं. हायस्कूल संपलं तेव्हा आईने तिला बॅगांचा सेट दिला. जांभळा. तीन बॅगा, एकीच्या पोटात एक. मी म्हणतेय, “म्हणजे, घरातून जा असं?” ती हसली. म्हणाली, तसंच काहीसं, सगळ्यांनाच मिळतो, तिने आत... आणि मी मध्येच, “ओ माय गॉड. इन इंडिया वी डोन्ट डू दॅट. आमच्याकडे असं नसतं. आमच्याकडे मुलांना घराबाहेर काढत नाहीत.”

मग चार सेकंद.

मग ती म्हणते, “दॅट्स नाइस.”

मग मी म्हणतेय, “नेक्स्ट क्वेश्चन. सण कोणकोणते करता?”

चार सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं. मोजून बघा. एक हजार एक, एक हजार दोन. त्या चार सेकंदांत कॉफी मशीन एकदा फुस्स करतं, कोणाची तरी खुर्ची सरकते, आणि मी काय करत होते मला आठवतच नाहीये. बहुतेक कागदावरचा पुढचा प्रश्न शोधत होते. ती काय करत होती? माझ्याकडे बघत होती का? टोपी खाली ओढली का? तिला सवय आहे, टोपी कपाळावर ओढायची. मला वर्गात ती सवय दिसते आणि नेमक्या त्या वेळी मी कागदात.

‘दॅट्स नाइस’चा अर्थ काय घ्यायचा? इथे येऊन चौदा आठवडे झाले, अजून ते ‘नाइस’ मला कळत नाही. मराठीत कोणी ‘छान’ म्हटलं तर सुरावरून कळतं की छान आहे, की बास झालं आता. हिचा सूर सपाट होता. सहा वेळा ऐकला. मग इयरफोन लावून सातव्यांदा.

मधे थोडा वेळ रडून घेतलं, तेही लिहून ठेवते. कोणासाठी ते कळलं नाही. मलाच दया आली माझी. दहा बाय अकराची खोली, खिडकीबाहेर पार्किंग, कुकरला तीन शिट्ट्या झाल्या की स्मोक अलार्मची भीती, आणि माझी मुलाखत कोणी घेतलेली नाही. इतक्या जणींच्या वर्गात एकीलाही वाटलं नाही की हिला विचारावं तुझ्याकडे कसं असतं. म्हणून मग मी न विचारता सांगत सुटते. सतरा वेळा. त्याचा मेसेजही आला नाहीये, पण ते वेगळं.

तर सातव्यांदा ऐकताना ते सापडलं. माझ्या ‘ओ माय गॉड’च्या खाली ती बोलतेय. मी मध्ये पडले तेव्हा ती लगेच थांबली नव्हती, वाक्य पुरं केलं होतं तिने, माझ्या आवाजाखाली. स्पीड कमी करून ऐकलं. “तिने आत क्वार्टरची गुंडाळी ठेवली होती, लॉन्ड्रीसाठी.” बँकेत मिळते ती कागदात गुंडाळलेली, पाव डॉलरची चाळीस नाणी, मिळून दहा डॉलर. सगळ्यांत लहान बॅगेच्या आतल्या कप्प्यात. आईने न सांगता ठेवलेली.

आणि त्यावर मी म्हटलं, आमच्याकडे मुलांना घराबाहेर काढत नाहीत.

मी माझ्या बॅगांकडे बघितलं. कपाटावर आहेत दोन्ही, एकावर एक. पोवई नाक्याजवळच्या दुकानातून आईनेच आणल्या, मला न नेता, घासाघीस करून. एक नाही, दोन. तेवीस-तेवीस किलोच्या. जुलैचे शेवटचे दहा दिवस आमच्या घरात दुसरं कामच नव्हतं. बाबा बॅग उचलून वजनाच्या काट्यावर उभे राहायचे, मग नुसते उभे राहायचे, आणि आई कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वजाबाकी मांडायची. चोवीस पूर्णांक चार. मग मेतकूट काढ. तेवीस पूर्णांक नऊ. मग स्टीलचं ताट काढ. बाबा म्हणायचे माझंच वजन घटतंय रोजच्या या उचलाउचलीने, ते धरा हिशोबात. शेवटच्या रात्री आईने बांगडीत अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना काढल्या आणि आतल्या अस्तराला टोचून ठेवल्या. असू देत, वेळेला लागतात. त्यांचं वजन धरलं नाही.

अठराव्या नाही, तेविसाव्या वर्षी. एवढाच काय तो फरक आमच्या संस्कृतीत.

आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे तरी कोणाकडे? आमच्या गल्लीत नऊ घरं. सात घरांत फक्त आईबाप. मुलं पुण्यात, बंगळूरला, समोरच्या काकांची लेक ऑकलंडला. दिवाळीत गल्लीत गाड्या लावायला जागा नसते, सगळ्या एमएच १२ आणि १४, साताऱ्याची एमएच ११ म्हणजे काय ती बाबांची स्कूटर. भाऊबीज झाली की दोन दिवसांत गल्ली मोकळी. आई फराळाचे रिकामे डबे घासून पालथे घालते आणि म्हणते, चला. कोणाला म्हणते कुणास ठाऊक. दादा पुण्याला गेला तेव्हाही तिनेच बॅग भरली होती. तिला मी म्हटलं नव्हतं की तू त्याला घराबाहेर काढलंस.

हसायला आलं मला. अगदी खरोखर. रूममेटने हेडफोन काढून विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, मी एक मूर्ख बाई आहे आणि त्याचा पुरावा रेकॉर्डेड आहे. ती म्हणाली, सबमिट कर, ए मिळेल.

आता ट्रान्सक्रिप्ट. त्या जागी मी आधी कंसात २ लिहिलं. दोन सेकंद म्हणजे माणूस घोट गिळतो तेवढंच. कोण घड्याळ लावून बसणार आहे? मग ती क्वार्टरची ओळ टाकली, माझ्या ओळीच्या खाली, दोन्ही एकाच वेळी बोलल्याची खूण करून. ती ओळ टाकल्यावर २ खोटं दिसायला लागलं. ४ केलं. ‘इन इंडिया’ सतराच्या सतरा ठेवलेत. शेवटी जे विश्लेषण लिहायचंय त्याचं पान अजून कोरं आहे. ‘अमेरिकन पालक मुलांना लवकर स्वावलंबी करतात’ असं एक वाक्य लिहून खोडलं.

सॉरी म्हणावं का? पण कशाबद्दल, हे सांगताना मी परत ‘इन इंडिया’ने सुरुवात करेन याची मला खात्री आहे. शिवाय तिला आठवतही नसेल. किंवा आठवत असेल. चार सेकंद तिचे होते, तिलाच माहीत.

पावणेबारा

झोपायला जात होते, तिचा मेसेज. आज रात्रीच यायचा होता. थँक्सगिव्हिंगला काय करतेयस, घरी ये माझ्या, गाडीने तीन तास लागतात, बुधवारी निघू, शनिवारी परत. आईला सांगितलंय. कॅसरोल असेलच, तयारीने ये. आणि खाली, ‘जास्त सामान नको, माझी गाडी लहान आहे, छोटी बॅग आण.’

तीनदा वाचला. यात ‘नाइस’ कुठे नाहीये.

पण छोटी बॅग माझ्याकडे नाहीच. माझ्याकडे आहेत त्या दोन तेवीस किलोवाल्या, आणि कॉलेजची सॅक, जिचा बंद तुटलाय आणि सध्या पिनेवर आहे. दोनातली एक पीन. वेळेला लागली.

‘येते’ लिहिलं. मग बराच वेळ टाइप करून खोडत बसले. शेवटी विचारलं, तुझ्या जांभळ्या सेटमधली सगळ्यांत लहान बॅग दोन दिवस देशील का?

अजून उत्तर नाही. तीन टिंबं हलतायत.