खत नको म्हणणारं झाड

झाडाला काहीतरी खायला घातल्याशिवाय नाशिककराला चैन पडत नाही. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, वरून घरच्या कंपोस्टची एक मूठ. चहूबाजूंनी द्राक्षबागा म्हटल्यावर हे व्हायचंच. चहाच्या टपरीवरसुद्धा इथे खतांच्या डोसवर तावातावानं बोलणं चालतं. अशा गावात गच्चीवर मी सेरॅस्टियम वाढवते, आणि त्याला काहीही घालत नाही.

सेरॅस्टियम ही थंड मुलखातली, डोंगरकपारीतली रानवनस्पती. जमिनीलगत पसरणारी, पानांवर बारीक लव, पांढऱ्या पाच पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला खाच. फुलवाल्याकडे दिसणारं कार्नेशन हे तिच्याच कुळातलं, पण ते पॉलिहाउसात लाडाकोडात वाढलेलं. हिचा पिंडच वेगळा.

या घराण्यातली माझी सर्वात आवडती जात मी कधी लावणार नाही. ती जगात एकाच बेटावर उगवते, स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या अन्स्टवर. तिथल्या एका बुटक्या टेकडीवर सर्पेंटाइन खडकाचा नुसता चुरा पडलेला आहे. त्यात निकेल आणि क्रोमियम भरपूर, पोषण जवळपास शून्य. दुरून पाहिलं तर वाटावं, इथे कुणीतरी खडी टाकून ठेवली आहे. 1837 मध्ये थॉमस एडमंडस्टन नावाच्या त्याच बेटावरच्या मुलाला ती तिथे सापडली. वय असेल अकरा-बारा. आपल्याकडे त्या वयाच्या पोराला पायाखाली काय आहे ते बघायला सवड कुठे असते? (क्लासला उशीर होत असतो.) पुढे हा मुलगा वनस्पतीशास्त्रज्ञ झाला, निसर्ग-अभ्यासक म्हणून जहाजावर गेला आणि 1846 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर चुकून सुटलेल्या बंदुकीच्या गोळीनं गेला. विशीसुद्धा नीट उलटली नव्हती.

मी लावते ती इटलीच्या डोंगरांतली, रुपेरी पानांची बागेतली जात. दिवाळी झाली की पसरट कुंडी घ्यायची, भोक मोठं असलेली. निम्मी माती, निम्मा मुरूम आणि कच. बी वरवर भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही. उंचावरच्या इतर जातींचं बी मात्र आधी ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं, कारण हिवाळा होऊन गेला असं वाटल्याशिवाय ते जागं होत नाही. रोप धरलं की त्याच्या बुडाशी बारीक खडीचा थर द्यायचा, म्हणजे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. ऊन दिवसभर. पाणी माती सुकल्यावरच, तेही पानांवर नाही. शेजारचे काका निफाडकडचे, द्राक्षवाले. कुंडीत डोकावून म्हणाले, "काय हो ताई, झाड लावताय की रस्त्याचं काम काढलंय?"

काकांच्या बागेत पारा घसरला की पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, नाहीतर घड हातचे जातात. त्याच थंडीत माझी कुंडी खुशीत असते. या झाडाला थंडी मारत नाही. मारते ती साचलेली ओल, आणि ओल नसेल तर लाड. खत मिळालं की ते लांबलचक, लिबलिबीत वाढतं, मधूनच उघडं पडतं, आणि पावसाळ्यात त्या लवेत पाणी धरून बुडापासून सडतं.

गंमत म्हणजे असाच गरिबीत राहणारा एक जीव आपल्या अंजनेरीवर आहे. तिथल्या कंदीलपुष्पाची एक जात 2006 मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिला डोंगराचंच नाव मिळालं. कातळावर बोटभर माती, वर वारा, तरी त्याचं बरं चाललेलं असतं. फक्त त्याचं वेळापत्रक उलटं. ते पावसात फुलतं आणि कोरडे महिने जमिनीखाली कंद होऊन काढतं. दोघं एका गच्चीवर ठेवली, तर एकाला छप्पर हवं तेव्हा दुसऱ्याला आभाळ हवं.

तसं करायचा विचार नाही. कंदीलपुष्पासाठी पावसाळ्यात अंजनेरी चढणं परवडतं. ते पिशवीत घालून खाली आणणाऱ्यांना मी सरळ चोर म्हणते. सेरॅस्टियमच्या कुंडीवर मात्र जून लागला की जुन्या खिडकीची काच चार विटांवर टेकवून ठेवते. बाजू उघड्याच, कारण वारा लागतो. एवढं करूनही काही रोपं जातात. फुलं सरल्यावर खुडलेल्या शेंड्यांची कलमं तेवढ्यासाठीच करून ठेवलेली असतात, आणि ती मुरमात सहज रुजतात.