विहिरीवरची कुत्री पाळी

कमांडर सर नौदल सोडून आपल्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले ते जून 1972 मध्ये. मालवणचा माणूस, निम्मा जन्म खाऱ्या पाण्यावर गेलेला, आणि आला कुठे, तर माणदेशात! त्या वर्षी तर पावसानं तोंडच दाखवलं नाही.

दिवाळीनंतर वसतिगृहाच्या विहिरीचा तळ दिसू लागला. झरा जिवंत होता, पण बारीक. चार तास थांबावं तेव्हा इंजिन जेमतेम दहा मिनिटं चाले. म्हणजे रात्रंदिवस विहिरीवर कुणीतरी हवं. सरांनी आम्हा मोठ्या मुलांचे तीन गट पाडले. चार-चार तासांच्या सहा पाळ्या केल्या तर मध्यरात्रीची पाळी रोज एकाच गटाच्या बोकांडी बसणार. म्हणून बोटीवरच्या रिवाजाप्रमाणे संध्याकाळची चार ते आठ चिरून तिच्या दोन केल्या. पाळ्या सात, गट तीन. आपोआप फिरत राहतात. त्या दोन तुकड्यांना नौदलात ‘डॉग वॉच’ म्हणतात. आमच्याकडे तिची लगेच ‘कुत्री पाळी’ झाली. सातला तीननं भाग जात नाही याचा उपयोग मला तेव्हा कळला. गणितात मी कायम काठावर.

पाणी मोजायला शिसं बांधलेली दोरी. पाव-पाव वावावर (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, सुमारे सहा फूट) कधी चिंधी, कधी चामड्याचा तुकडा, अंधारात बोटांनी वाचायला. आकडा वहीत लिहायचा. जे झालं तेच लिहायचं, खोडायचं नाही.

एकदा बारा ते चारला मला डुलकी लागली. चालू पंपानं हवा घेतली, सकाळी कुणाला आंघोळ नाही. मी वहीत ‘इंजिन बिघडले’ लिहून मोकळा. सरांनी वाचलं, पेन पुढे केलं. “मेल्या, खरा काय ता लिव.” त्याखाली माझ्याच अक्षरात आहे : ‘झोपलो होतो.’

या स्मरणिकेसाठी कार्यालयातलं जुनं कपाट उपसताना ती वही सापडली. 9 डिसेंबरच्या रात्री सरांनी आम्हाला झोपायला पिटाळून आठ ते बाराची पाळी स्वतः केली होती. वर्षापूर्वी, 1971च्या युद्धात, त्याच रात्री दीवजवळच्या समुद्रात आपल्या नौदलाची युद्धनौका ‘खुक्री’ बुडाली. 18 अधिकारी, 176 नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून हलले नाहीत. आम्हाला एवढं पेपरातून ठाऊक. सरांचं त्यात कोण होतं, विचारायची छाती कुणाची?

वहीत सरांच्या अक्षरात एकच ओळ आहे : ‘8 ते 12. पाणी सव्वा वाव. जागा होतो.’