केनेडी सी फेसवर अडलेली फाइल

मरीन ड्राइव्हच्या रांगेतल्या एका जुन्या जिमखान्याचं कौलारू छप्पर दुरुस्त करायचं होतं. इमारत वारसा यादीत, म्हणून आधी वारसा समितीची मान्यता. समिती छळते असं सगळे सांगतात. ते काम सरळ झालं. छळलं ते जमिनीच्या ना-हरकत प्रमाणपत्राने.

हे जिमखाने सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. पारशी १८८५चा, हिंदू १८९४चा. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हताच, किनाऱ्याला केनेडी सी फेस म्हणत. त्यामुळे जुन्या कागदावर केनेडी सी फेस, वीजबिलावर मरीन ड्राइव्ह आणि कराच्या पावतीवर नेताजी सुभाष रोड. ना-हरकत देणाऱ्या टेबलावर या तीन वेगळ्या जागा ठरल्या! दर फेरीला एकच उत्तर, ‘पत्ता जुळत नाही’, तेही तोंडी. प्रतिज्ञापत्र दिलं, नाही चाललं. भाडं भरल्याच्या पावत्या जोडल्या, त्यांवर चौथंच स्पेलिंग निघालं.

मुंबई शहरात जमीन ओळखतात ती सी.एस. नंबर (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापन क्रमांक) आणि डिव्हिजन, म्हणजे सर्व्हेचा विभाग, यांवरून, हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मालमत्ता पत्रक आणि सर्व्हेच्या नकाशाची प्रत काढा. अर्जाच्या पहिल्या ओळीत नंबर लिहा, रस्त्याचं नाव त्याखाली. त्रुटी लेखीच मागा आणि प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घ्या. नंबर पुढे आल्यावर पत्त्याचा विषय कोणी काढला नाही.

हो, समितीच्या अर्जात ‘छप्पर बदलणे’ लिहू नका. ‘मूळ साहित्याने दुरुस्ती’ लिहा आणि तसंच करा. उतरवलेलं प्रत्येक कौल टिचकी मारून बघायचं: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर चीर आहे. खरा रोग मात्र कौलात नसतो. भिंतीत टेकलेली वाशांची टोकं आधी कुजतात. कुजका भाग कापून जुन्या सागवानाचा तुकडा सांधा. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं तर ओल आत कोंडते आणि गिलावा सुटतो. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे गंजून फुगतात, लाकूड फाडतात. पितळी स्क्रू वापरा.

आणि कौलं उतरवण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, ते अर्जालाही लागतात.

ना-हरकत हातात आली मेच्या शेवटी. पावसाच्या तोंडावर छप्पर उघडायचं नसतं. ताडपत्री घट्ट बांधली, काम ऑक्टोबरला सुरू.