टर्मिनलची मांडणी: रंगांच्या आधी हिस्टरी

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, सजवायला घेतले की हात आधी रंगांकडे वळतो. या टप्प्यात मी मात्र बॅशच्या (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिस्टरीपासून, म्हणजे दिलेल्या कमांडच्या यादीपासून सुरुवात केली, कारण रोज टाइप होणाऱ्या बहुतेक कमांड आपण आधी कधीतरी दिलेल्याच असतात. मूळ मांडणीत बॅश शेवटच्या 500 कमांडच जपून ठेवते आणि दोन विंडो उघड्या असल्यास नंतर बंद होणारी विंडो पहिलीच्या नोंदी पुसू शकते. म्हणून मर्यादा वाढवली, लागोपाठच्या सारख्या नोंदी गाळल्या आणि जुन्या नोंदी न पुसता नव्या त्यांच्या शेवटी जोडणारे 'हिस्टअपेंड' चालू केले.

खरा फरक पडला तो इनपुटआरसी या सेटिंगच्या फाइलमुळे. वरच्या बाणाला 'हिस्टरी सर्च बॅकवर्ड' जोडल्यावर 'गिट' (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) एवढेच लिहून बाण दाबला, की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या कमांडच समोर येतात. टॅब दाबून नाव पूर्ण करताना कॅपिटल-स्मॉलचा भेद होऊ नये, अशीही सोय तिथेच केली. ही फाइल बॅशची नसून रीडलाइनची, म्हणजे टाइप होणारी ओळ हाताळणाऱ्या लायब्ररीची असल्यामुळे रीडलाइन वापरणाऱ्या इतर प्रोग्रॅममध्येही हे बदल आपोआप मिळतात, ही वरकड कमाई.

प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहिण्याआधी दिसणारा मजकूर, दोन ओळींचा ठेवला आहे: वर फोल्डरचा मार्ग आणि गिटची ब्रँच (कामाची शाखा), खाली केवळ डॉलरचे चिन्ह, म्हणजे मार्ग कितीही लांबला तरी लिहायला पूर्ण ओळ मिळते. आधीची कमांड फसली असेल तर डॉलर लाल होतो. त्यासाठी तिचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) प्रॉम्प्ट बनवणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत टिपावा लागतो, अन्यथा पुढची कोणतीही कमांड तो बदलून टाकते. रंगांचे कोड बॅकस्लॅश लावलेल्या चौकोनी कंसांत ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण रीडलाइन एरवी त्यांनाही दिसणारी अक्षरे समजून मोजते आणि मग लांब कमांड पुढच्या ओळीत न जाता प्रॉम्प्टवरच चढते.

एलियस, म्हणजे कमांडना दिलेली आपली नावे, मोजकेच ठेवले. फाइल पुसणाऱ्या 'आरएम' या नावामागे पुष्टी विचारणारा पर्याय दडवण्याची पद्धत मला धोक्याची वाटते: त्या प्रश्नाची सवय झालेला हात तो एलियस नसलेल्या यंत्रावरही तितक्याच निर्धास्तपणे चालतो.

देवनागरी फाइलनावांचा प्रश्न अजून बाकी आहे. टर्मिनल पडदा समान रुंदीच्या चौकटींत विभागते. जोडाक्षराला किती चौकटी द्यायच्या याबाबत टर्मिनल आणि रीडलाइन यांचे गणित जुळले नाही, तर कर्सर भलत्याच जागी दिसतो. हे सेटिंग बदलून सुटणारे नसल्याने आता एकच नाव वेगवेगळ्या टर्मिनलमध्ये उघडून पाहणार आहे.